सूट नेमकी कशावर?

‘सर्व औषधांवर 20 टक्के सूट’ ही पाटी आता तालुक्याच्या गावातल्या मेडिकलवरही दिसते. भोकरदनसारख्या गावात बीपी-शुगरचा पेशंट वर्षानुवर्षं एकाच फॅमिली डॉक्टरकडे जातो आणि त्याच चिठ्ठीवर महिन्याच्या गोळ्या नेतो. त्याच्या डोळ्यात ही पाटी भरणारच. पण सूट मिळते ती छापील किमतीवर, आणि ती किंमत कोणी छापली हे काउंटरवर सहसा कुणी विचारत नाही.

अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीतल्या औषधांची कमाल किंमत सरकारचं औषध किंमत प्राधिकरण ठरवतं. 2013च्या आदेशातलं गणित असं: बाजारात किमान एक टक्का वाटा असलेल्या कंपन्यांचा माल दुकानदाराला ज्या भावात पडतो, त्या भावांची सरासरी काढायची आणि त्यावर दुकानदाराचा 16 टक्के नफा चढवायचा. यादीबाहेरच्या बहुतेक औषधांची सुरुवातीची किंमत मात्र कंपनीच ठरवते. सरकारचं बंधन एवढंच, की ती वर्षाला 10 टक्क्यांपेक्षा जास्त वाढवायची नाही. पहिल्याच दिवशी चौपट किंमत छापली असेल, तर या बंधनाने कंपनीचं काही अडत नाही.

आता हिशेब करा. दुकानदाराचा रीतसर नफा 16 ते 20 टक्के. त्याने 20 टक्के सूट दिली तर त्याच्या गल्ल्यात उरलं काय? उरतं, कारण काही मालावर छापील किंमत आणि खरेदी किंमत यांत मोठं अंतर असतं. समजा, 100 रुपये छापलेलं पाकीट दुकानात 25 रुपयांना येतं. ते 80 ला विकलं तरी पेशंट खूश आणि दुकानदारही खूश. शेजारच्या फळीवर त्याच औषधाचं, 30 रुपये छापलेलं दुसऱ्या कंपनीचं पाकीट पडून असतं. त्यावरची सूट किरकोळ दिसते म्हणून ते कुणी मागत नाही. हे अंतर किती फुगू शकतं, ते फेब्रुवारी 2019मध्ये सरकारनेच दाखवून दिलं. कॅन्सरच्या 42 औषधांवरचा व्यापारी नफा 30 टक्क्यांवर रोखला, तर काही ब्रँडच्या किमती 80 टक्क्यांहूनही जास्त उतरल्या. औषध तेच, कारखाना तोच, बदलला फक्त छापील आकडा.

या साखळीत फॅमिली डॉक्टरची जागा मोठी आहे. आपल्याकडे कितीतरी डॉक्टर दवाखान्यातूनच गोळ्यांच्या पुड्या बांधून देतात. ते बेकायदा नाही. खुलं दुकान न थाटता स्वतःच्या पेशंटला औषध देण्याची मुभा औषध नियमांच्या ‘के’ परिशिष्टात आहे. डॉक्टरने स्वस्त, चांगली जेनेरिक गोळी घाऊक भावात आणून तपासणी फीमध्येच दिली, तर याहून मोठी सूट कुठल्याच पाटीवर मिळणार नाही. अडचण चिठ्ठी बाहेर गेली की सुरू होते. औषध नियमांतला 65 (11ए) हा नियम सांगतो, की डॉक्टरने ज्या कंपनीचं ‘शेड्यूल एच’ (म्हणजे चिठ्ठीशिवाय न विकायचं) औषध लिहिलं असेल, त्याच्या जागी त्याच घटकाचं दुसऱ्या कंपनीचं औषधही फार्मासिस्टने देऊ नये. म्हणजे स्वस्त पर्याय शेजारी असूनही त्याचे हात बांधलेले. किल्ली डॉक्टरच्या पेनात आहे.

जेनेरिक नाव, म्हणजे औषधाचं मूळ नाव लिहावं, हे डॉक्टरांच्या 2002च्या आचारसंहितेत आहे. 2016मध्ये ते सुवाच्य, शक्यतो मोठ्या अक्षरांत असावं अशी दुरुस्ती झाली. ऑगस्ट 2023मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाने कडक नियमावली आणली, डॉक्टरांच्या संघटनांनी जेनेरिकच्या गुणवत्तेचा मुद्दा काढला आणि त्याच महिन्यात ती स्थगित झाली. गुणवत्तेची शंका पोकळ नाही. पण तिच्यावरचा उपाय तपासणी वाढवणं हा आहे, पेशंटला चौपट दराला बांधून ठेवणं हा नव्हे.

स्वस्त जेनेरिक औषधांच्या, 2008मध्ये सुरू झालेल्या सरकारी जनऔषधी योजनेत औषधाची प्रत्येक बॅच मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासली जाते. केंद्रचालकाला तिथेही 20 टक्केच नफा, पण तो कमी किमतीवर. 20 रुपयांच्या पाकिटामागे चार रुपये सुटत असतील, तर गाळ्याचं भाडं आणि फार्मासिस्टचा पगार निघायला गिऱ्हाईक भरपूर लागतं. शिवाय गावातल्या पेशंटला हवी असते उधारी. कापूस, मका, मिरची विकल्यावर पैसे देतो म्हणणाऱ्याला ओळखीचा मेडिकलवाला नाही म्हणत नाही. ती उधारी हीच त्याची खरी सवलत योजना, आणि कुठलीही सरकारी योजना अजून तिच्या तोडीची नाही.

अमेरिकेत अशी सूट डिस्काउंट कार्डांवर मिळते, आणि तिथेही गोम जाहीर दराच्या फुगवट्यातच आहे. म्हणून तिथे 2022मध्ये ‘कॉस्ट प्लस ड्रग्ज’ नावाच्या कंपनीने कार्डाची भानगडच ठेवली नाही: खरेदी किंमत उघड दाखवायची, त्यावर 15 टक्के आणि ठरलेला हाताळणी खर्च घ्यायचा. आपल्याकडे छापील किमतीशेजारी खरेदी किंमत छापण्याची सक्ती कुणी करत नाही.

मग पेशंटने करावं काय? 15 ऑगस्ट 2023पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत आहेत, तेव्हा कायमची गोळी तिथे मिळते का हे आधी पाहावं. नाही मिळाली, तर ‘जनऔषधी सुगम’ ॲपवर औषधाचं नाव घालून दर आणि जवळचं केंद्र शोधावं. थायरॉइड, फिट्स किंवा रक्त पातळ करणारी गोळी मात्र डॉक्टरांना सांगितल्याशिवाय बदलू नये. आणि पुढच्या वेळी दवाखान्यात गेलात, की एवढं एकच मागा: ‘डॉक्टर, कंपनीच्या नावाऐवजी औषधाचं मूळ नाव लिहून द्या.’