बाळ बारीक, चरबी मात्र टिकून

पहिलटकरणीची सुटका झाली, की नातेवाइकांचा एक प्रश्न ठरलेला असतो, ‘वजन किती भरलं?’ आकडा अडीच किलोंच्या पुढे असला, की सगळे निर्धास्त होतात. पण बाळाच्या अंगात स्नायू किती आणि चरबी किती, हे वजनकाटा सांगत नाही. पुण्याजवळच्या सहा खेड्यांमध्ये नेमके हेच मोजले गेले.

पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये हा अभ्यास सुरू केला. गावातल्या स्त्रियांची वजन-उंची गर्भ राहण्याआधीच नोंदवली गेली. सरासरी वजन जेमतेम ४२ किलो, आणि त्यात घरकामाबरोबर शेतातले कष्ट. त्यांची बाळे सरासरी २.७ किलोंची जन्मली. इंग्लंडमधील साउथॅम्प्टनच्या बाळांची सरासरी होती ३.५ किलो. पुण्याची बाळे सगळ्याच मापांत लहान होती. स्नायू तर बरेच कमी. मात्र पाठीवरची, खांद्याच्या फऱ्याखालची चरबी त्या मानाने टिकून होती. बारीक दिसणारे, तरी चरबी बाळगणारे बाळ!

याचे स्पष्टीकरण असे दिले जाते. पोषण अपुरे असले, की गर्भ आधी मेंदू सांभाळतो आणि स्नायू, स्वादुपिंड, मूत्रपिंड यांवर काटकसर करतो. पुढे रक्तातली साखर वापरायची ती स्नायूंनी, आणि इन्सुलिन करायचे ते स्वादुपिंडाने. दोघेही जन्मतःच तोकडे. हीच मुले १८ वर्षांची झाल्यावर तपासली, तेव्हा जवळपास निम्मी कमी वजनाची होती, तरीही सुमारे २९ टक्के मुलांच्या रक्तातली साखर प्रमाणापेक्षा जास्त निघाली. मधुमेह खात्यापित्या, सुटलेल्या पोटाच्या घरचा, हा समज इथे पार कोलमडतो.

आया काय खात होत्या? गंमत म्हणजे, एकूण उष्मांक किंवा प्रथिने यांच्याशी बाळाच्या आकाराचा फारसा संबंध दिसला नाही. तो दिसला हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दुधाशी. दोन-तृतीयांश स्त्रियांमध्ये ब-१२ जीवनसत्त्व कमी होते. ज्यांच्यात फोलेट जास्त आणि ब-१२ कमी, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती अधिक आढळली. याचा अर्थ फॉलिक अॅसिडच्या गोळ्या सोडाव्यात असा मुळीच नाही. बाळाच्या मज्जारज्जूतील व्यंग टाळण्यासाठी त्या हव्यातच. पण ब-१२ भाजीत नसते. ते दूध, दही, अंडी, मासे, मटण यांत असते. शाकाहारी घरात, त्यातही चहापुरतेच दूध येत असेल तर, डॉक्टरांकडे ब-१२ची चौकशी जरूर करावी.

दुसऱ्या टोकाला शहरातली वाढत्या वजनाची आई आहे. तिला गरोदरपणात मधुमेह झाला, तर जादा साखर वारेतून बाळाकडे जाते, बाळ स्वतःचे इन्सुलिन वाढवते आणि चरबी साठवते. ‘दोन जिवांची आहेस, दोघांपुरतं खा’ हा सल्ला प्रेमाचा असला, तरी लागणारी भर रोज साधारण ३५० उष्मांकांची, म्हणजे एक भाकरी, वाटीभर वरण आणि पेलाभर दूध एवढीच. ‘बाळ मोठं झालं तर अडेल, कमी खा’ हा उलटा सल्ला तर त्याहून घातक.

मुंबईच्या वस्त्यांमध्ये पालेभाजी, फळे व दूध घालून केलेला खाऊ स्त्रियांना रोज देऊन पाहिला गेला. गरोदरपणातल्या मधुमेहाचे प्रमाण १२.४ वरून ७.३ टक्क्यांवर आले. जन्मवजनातली वाढ मात्र थोडीच होती, तीही गर्भ राहण्याआधी किमान तीन महिने खाऊ सुरू केलेल्यांमध्ये. आपल्याकडे बाळंतपणाचे कार्ड निघते तेच बहुधा दोन-तीन महिने उलटल्यावर. म्हणून वजन, हिमोग्लोबिन आणि साखर तपासायची खरी वेळ आहे मूल हवे असे ठरते तेव्हाची.