पंचवीस किलो धानातला एक दाणा

तुमसरच्या बाजार समितीतल्या ढिगातून धानाचे १,००० दाणे मोजून घेतले आणि सोनाराच्या काट्यावर ठेवले, तर वजन साधारण २५ ग्रॅम भरतं. जाडा धान असेल तर थोडं जास्त, चिन्नोरसारखा बारीक असेल तर बरंच कमी. या हिशेबानं १० लाख दाणे म्हणजे २५ किलो. आता त्या २५ किलोंतला एकच दाणा लाल रंगात बुडवा, ढीग चांगला वरखाली करा आणि शेजारच्याला सांगा, शोध. दिवस मावळेल, दाणा सापडणार नाही.

दहा लाखांतला हा एक दाणा म्हणजे एक पीपीएम. आणि धुरातला असा दाणा मिनिटाभरात मोजणारं यंत्र आज एका हातात मावतं. फ्लू गॅस अ‍ॅनालायझर त्याचं नाव. लांब दांडीची एक नळी, तिला जोडलेला रबरी पाइप, आत छोटा पंप आणि बाहेर मोबाइलएवढा पडदा. धुराड्याला पाडलेल्या छिद्रातून नळी आत सरकवायची. पडद्यावर ऑक्सिजन टक्क्यांत येतो, कार्बन मोनॉक्साइड पीपीएममध्ये येतो आणि धुराचं तापमानही येतं. पडदा एकेका दाण्याचा आकडा दाखवतो, चूक दहा-वीस दाण्यांची असू शकते. २५ किलोंच्या ढिगात दहा-वीस दाण्यांची चूक! मला तर ही अचूकता त्या यंत्राच्या सगळ्या गुणांत मोठी वाटते.

हे जमतं कसं, तेही आकड्यांतच पाहण्यासारखं आहे. आत काडेपेटीपेक्षा लहान डबीत रसायन आणि धातूचे पातळ थर असतात. कार्बन मोनॉक्साइडचा रेणू त्या थरावर आला की त्याचं कार्बन डायऑक्साइड होतं आणि दोन इलेक्ट्रॉन सुटतात. या इलेक्ट्रॉनचा प्रवाह यंत्र मोजतं. नेहमीच्या सेन्सरमध्ये एका पीपीएममागे तो सुमारे ७० नॅनोअ‍ॅम्पियर भरतो. घरातल्या ९ वॉटच्या बल्बमधून साधारण ४० मिलिअ‍ॅम्पियर वाहतात. हा प्रवाह त्याच्या साडेपाच लाखाव्या भागाइतका. तरीही ७० नॅनोअ‍ॅम्पियर म्हणजे सेकंदाला ४४ हजार कोटी इलेक्ट्रॉन, म्हणजेच सेकंदाला २२ हजार कोटी रेणू त्या थरावर येऊन जळून जातात. हे सगळं फक्त एका पीपीएमसाठी. हवेच्या एका घन सेंटिमीटरमध्ये, चिमूटभर जागेत, एक पीपीएम म्हणजे २५ लाख कोटी रेणू असतात. आपण ज्याला नगण्य म्हणतो त्यात एवढी गर्दी असते.

भंडाऱ्यात हे यंत्र कुठं लावायचं? पहिली जागा उघड आहे. दिवाळीनंतर लाखनी, साकोली, मोहाडीच्या रस्त्यानं निघालं की राइस मिलची धुराडी दिसू लागतात. धान भरडला की वजनाचा पाचवा हिस्सा तूस निघतं. मिलमध्ये त्याला भुसाच म्हणतात. उसना तांदूळ करणाऱ्या मिलमध्ये हाच भुसा बॉयलरखाली जातो, त्याच्या वाफेवर धान उकडतो आणि वाळतोही. शेतातून आलेल्या दाण्यानं स्वतःचं इंधन स्वतःच्या अंगावर घालून यावं, अशी ही सोय.

एक क्विंटल धानाचा भुसा २० किलो. एक किलो भुसा पुरता जळायला किमान साडेचार किलो हवा लागते. म्हणजे एका क्विंटलच्या भुशाला ९० किलो हवा, दहा बाय दहाच्या जवळजवळ तीन खोल्यांत मावणारी. एक लाख टन धानाचा सगळा भुसा जाळायचा म्हटलं तर ९० हजार टन हवा लागेल. तिचं आकारमान सुमारे ७ कोटी ७० लाख घनमीटर. पवनीजवळ वैनगंगेवर उभ्या असलेल्या गोसीखुर्द धरणाचा पूर्ण साठा १,१४६ दशलक्ष घनमीटर आहे. भरलेल्या त्या धरणाच्या पंधराव्या हिश्श्याएवढी ही हवा होते. जिल्ह्याच्या धानातला फक्त एक लाख टन धरला, आणि हवाही कमीत कमी.

प्रत्यक्षात कमीत कमी हवेवर आग कधीच नीट जळत नाही. थोडी जादा हवा द्यावीच लागते. किती जादा, हे ऑक्सिजनचा आकडा सांगतो. धुरात ६ टक्के ऑक्सिजन उरला असेल तर गरजेच्या ४० टक्के जादा हवा आत जाते आहे. १४ टक्के उरला असेल तर २०० टक्के जादा, म्हणजे गरजेच्या तिप्पट हवा. ही तिप्पट हवा बाहेरून ३० अंशांवर येते, भट्टीत तापते आणि २२० अंशांवर धुराड्यातून निघून जाते. तिनं पाणी तापवलेलं नसतं, वाफ केलेली नसते. तासाला ५०० किलो भुसा खाणारा बॉयलर घेऊन मी हिशेब मांडला. १४ टक्क्यांवरून ६ वर आणलं तर तासाला ३,६०० किलो हवा विनाकारण तापवणं थांबतं, आणि तासाला जवळपास ५५ किलो भुसा वाचतो. दहा तासांच्या पाळीत साडेपाच क्विंटल. सत्तावीस-अठ्ठावीस क्विंटल धान भरडावा तेव्हा एवढा भुसा निघतो. तो रोज आकाशात जातो आणि कुणाला दिसत नाही, कारण गरम हवेला रंग नसतो.

मुरलेला फायरमन राखेवरून अंदाज बांधतो. राख काळी निघाली तर कार्बन जळायचा राहिला, करडी-पांढरी निघाली तर आग चांगली. हा अंदाज मोलाचा आहे, मी त्याला कमी लेखणार नाही. पण काळ्या राखेतून किती गेलं ते समजतं, धुराड्यातून किती गेलं ते समजत नाही. धूर विरळ दिसतो म्हणून आग चांगली, हेही खरं नाही. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, चव नाही. १९२३ च्या बॉयलर कायद्यानं दाबाची तपासणी आपल्या अंगवळणी पाडली, प्रत्येक बॉयलरवर दाबाचा काटा असतोच. आगीच्या श्वासाचा काटा मात्र आपण अजून लावून घेतलेला नाही.

मोजताना एक फसगत होते, ती सांगितलीच पाहिजे. पडद्यावर २०० पीपीएम दिसले की माणूस खूश होतो. पण शेजारी ऑक्सिजन १४ टक्के असेल तर तो धूर पाणी घातलेल्या दुधासारखा आहे. जादा हवेनं विष पातळ झालं, कमी झालं नाही. हवा वजा केली तर २०० चे ६०० होतात. ऑक्सिजन १७ टक्के असेल तर त्याच २०० चे १,०५० होतात. म्हणून दोन्ही आकडे एकत्र वाचायचे. यंत्र आधी मोकळ्या हवेत सुरू करून शून्यावर आणायचं, आग स्थिरावू द्यायची, नळीचं टोक धुराच्या मध्यावर धरायचं, पाण्याची डबी रिकामी करायची आणि भुशाच्या राखेनं बुजलेला फिल्टर बदलायचा. भुसा टाकल्या टाकल्या आकडा काही हजारांत उसळतो, मग खाली येतो. एका क्षणाचा आकडा लिहून घेण्यात अर्थ नाही, दहा-पंधरा मिनिटं पाहावं लागतं.

वरठीच्या पोलाद कारखान्यात झोतभट्टी आहे. अशा भट्टीच्या वायूत कार्बन मोनॉक्साइड २०-२५ टक्के असतो, म्हणजे दोन ते अडीच लाख पीपीएम. तिथं तोच लोखंडाच्या दगडातून ऑक्सिजन ओढून काढतो. तो कामाचा वायू आहे, बंद नळांतून नेला जातो, त्यावर पहारा असतो. घरातल्या बाथरूममध्ये पहारा नसतो. ही दुसरी जागा, आणि माझ्या मते पहिलीपेक्षा निकडीची.

रक्तातलं हिमोग्लोबिन कार्बन मोनॉक्साइडला ऑक्सिजनपेक्षा सुमारे २५० पट घट्ट धरतं. जॉन स्कॉट हॉल्डेन या शास्त्रज्ञानं हा वायू स्वतः हुंगून, स्वतःचं रक्त तपासून १८९५ मध्ये आपले निष्कर्ष छापले. आता पुन्हा आपल्या ढिगाकडे या. हवेत ऑक्सिजन २१ टक्के, म्हणजे २५ किलोंतले २ लाख १० हजार दाणे, सव्वापाच किलो. त्याला २५० नं भागा. ८४० दाणे, २१ ग्रॅम. चमचाभर धान. हे चमचाभर दाणे सव्वापाच किलोंशी बरोबरी करतात. ८४० पीपीएमच्या हवेत माणूस पुरेसा वेळ राहिला तर त्याचं निम्मं हिमोग्लोबिन ऑक्सिजन वाहायचं थांबतं. सुमारे ८०० पीपीएममध्ये पाऊण तासात चक्कर आणि मळमळ येते, दोन तासांत शुद्ध हरपते.

बाथरूममध्ये ८०० पीपीएम व्हायला किती गॅस लागेल? चार बाय सहा फुटांची, आठ फूट उंच बाथरूम घ्या. आत ५,४०० लिटर हवा. थंडी आहे, खिडकी बंद आहे, भिंतीवर गॅस गीझर आहे आणि धूर बाहेर नेणारा पाइप नाही. पंधरा मिनिटांत पाव किलो गॅस जळतो. त्यातल्या शंभर कार्बन अणूंपैकी नव्याण्णव नीट जळाले आणि फक्त एक अर्धवट राहिला, तरी सव्वाचार लिटर कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. ५,४०० लिटरमध्ये तो भरतो सुमारे ८०० पीपीएम. जागतिक आरोग्य संघटनेनं पंधरा मिनिटांसाठी घातलेली मर्यादा ९० च्या आसपास आहे. शिवाय तोच गीझर तासाला १२ घनमीटरांच्या वर हवा मागतो आणि खोलीत आहे साडेपाच घनमीटरही नाही. अर्ध्या तासाच्या आतच ती सगळी संपेल एवढी त्याची भूक. हवा कमी पडत जाते तसं शंभरातला एक अर्धवट राहत नाही, दोन राहतात, पाच राहतात. आणि आत उभ्या माणसाला वाटतं, गरम वाफेनं जरा डोकं जड झालंय.

ज्वाला निळी दिसते म्हणून सगळं ठीक, या भरवशावर राहू नका. गीझर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेत लावा. ते शक्य नसेल तर धूर बाहेर नेणारा पाइप लावा, कायम उघडा राहील असा झरोका ठेवा, आणि बादल्या आधी भरून गीझर बंद केल्यावरच आंघोळीला जा. आत डोकं दुखू लागलं तर नळ राहू द्या, आधी दार उघडून बाहेर या. घरात कुणी बाथरूममध्ये वाजवीपेक्षा जास्त वेळ राहिलं तर हाक मारा, उत्तर आलं नाही तर दार तोडा.

मिलवाल्यांना माझी विनंती एवढीच की पाच-दहा मिलांनी मिळून असं एक यंत्र घ्यावं, हंगामाच्या सुरुवातीला आणि मध्ये एकदा प्रत्येक धुराड्याला लावावं आणि आकडे फायरमनला दाखवावेत. आणि घरोघरच्या वाचकांना: थंडी पडायच्या आत गीझरची सर्व्हिसिंग करायला मेकॅनिक येईल, तेव्हा पाणी किती गरम येतं हे नंतर विचारा. आधी विचारा, याच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड किती पीपीएम आहे, आणि तो मोजायचं यंत्र तुमच्या पिशवीत आहे का?