रोह्याहून न्यूयॉर्कला जाताना: किलोमीटर नाही, बसण्याचे तास मोजा

मुलाकडे किंवा मुलीकडे अमेरिकेला निघालेले पेण-रोह्याकडचे आई-वडील तपासणीला आले की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "डॉक्टर, विमानात इतके तास बसवेल ना?"

मुंबई ते न्यूयॉर्क हवाई अंतर साधारण साडेबारा हजार किलोमीटर. थेट विमानाला जाताना १५ ते १६ तास लागतात. येताना वेळ थोडा कमी लागतो, कारण उंचावरचे पश्चिमेकडून वाहणारे वारे विमानाला मागून ढकलतात. पण तुमच्या पायांचा प्रवास विमानतळावर सुरू होत नाही, घराच्या उंबऱ्यावर सुरू होतो. मुंबई विमानतळ पेणहून सुमारे ८० आणि रोह्याहून सुमारे १२० किलोमीटर आहे. महामार्गावर गाडी अडकली तर तीन-चार तास तिथेच जातात. त्यात विमानतळावर तीन तास आधी पोहोचायचे. म्हणजे बसणे जवळजवळ पूर्ण दिवसाचे झाले.

चालताना पोटरीचे स्नायू आवळतात आणि पायांतले रक्त वर हृदयाकडे ढकलतात. तासन्‌तास बसले की हा पंप बंद पडतो, रक्त साचते आणि खोल शिरेत गुठळी होऊ शकते. तिला डीव्हीटी म्हणतात. गुठळी सुटून फुफ्फुसात गेली तर जिवावर बेतते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ च्या अहवालानुसार चार तासांहून जास्त बसून केलेल्या प्रवासाने हा धोका साधारण दुप्पट होतो, मग ते विमान असो, रेल्वे असो की मोटार. तरीही तो सुमारे सहा हजारांत एक इतकाच आहे. घाबरून तिकीट रद्द करू नका.

मात्र पूर्वी गुठळी झाली असेल, कर्करोगाचे उपचार चालू असतील किंवा नुकतेच गुडघ्याचे वा दुसरे मोठे ऑपरेशन झाले असेल, तर तिकीट काढण्याआधी डॉक्टरांना भेटा. दाबाचे मोजे किंवा रक्त पातळ करणारे औषध लागेल का, हे तेच ठरवतील. शेजाऱ्यांनी सांगितले म्हणून ॲस्पिरिन घेऊ नका.

बाकीच्यांनी मार्गिकेजवळची सीट मागावी. दर तासा-दीड तासाने उठून चार पावले चालावे, बसल्या जागी पावले वर-खाली करावीत. स्वच्छतागृहात जावे लागेल म्हणून पाणी टाळणारे बरेच जण असतात, विशेषतः बायका. तसे करू नका. उलट त्या निमित्ताने चालणे होते! झोपेची गोळी घेऊन सलग झोपणेही नको.

इन्सुलिन घेत असाल तर वेगळी काळजी हवी. उन्हाळ्यात न्यूयॉर्क आपल्या साडेनऊ तास मागे असते, हिवाळ्यात साडेदहा. डोसचे वेळापत्रक निघण्याआधी डॉक्टरांकडून लिहून घ्या. सगळी औषधे चिठ्ठीसह हातातल्या बॅगेत ठेवा.

पोहोचल्यावर दोन्ही पाय थोडे सुजले तर ती सूज बहुधा दोन-तीन दिवसांत उतरते. पण एकाच पायाची पोटरी सुजली, दुखू लागली, लाल किंवा गरम झाली, तर त्याच दिवशी दाखवा. अचानक दम लागला, छातीत दुखले किंवा खोकल्यातून रक्त आले तर मुलगा ऑफिसातून येण्याची वाट न पाहता ९११ ला फोन करा. ही लक्षणे प्रवासानंतर काही आठवड्यांनीही दिसू शकतात.