दोन हात दोराचा आधार

पावसाळ्यात धबधब्यांच्या कातळांवर आणि पुढे हिवाळ्यात सह्याद्रीच्या कड्या-सुळक्यांवर आता तरुणांची मोठी वर्दळ असते. खंडाळ्याजवळची नागफणी, तैलबैल्याच्या जुळ्या भिंती, रायगडासमोरचा लिंगाणा ही नावे केवळ कसलेल्या गिर्यारोहकांपुरती राहिलेली नाहीत. महाविद्यालयीन मुले-मुली, नोकरदार मंडळी, क्वचित संपूर्ण कुटुंबेही प्रस्तरारोहणाचा किंवा दोरावरून कडा उतरण्याचा, म्हणजेच रॅपलिंगचा, आनंद घेण्यास जातात. परतल्यावर छायाचित्रे दाखवली जातात. त्यांत उंच कडा दिसतो, लांबलचक दोर दिसतो, डोक्यावरचे शिरस्त्राण दिसते. कंबरेच्या पट्ट्याला, म्हणजे हार्नेसला, जोडलेला जेमतेम दोन हात लांबीचा एक आखूड दोर मात्र सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. त्याला लॅनयार्ड म्हणतात. आपल्याकडील गिर्यारोहक त्याला ‘सेल्फ अँकर’ असेही म्हणतात. मुख्य दोर हाती नसतो त्या काळात माणसाचा सारा भार या छोट्या दोरावर असतो. म्हणून त्याची ओळख प्रत्येक घराला असणे उपयुक्त ठरेल.

धोका थांब्यावर असतो

कडा चढताना किंवा उतरताना माणूस सावध असतो. एक टप्पा संपवून तो खडकातील बोल्टांपाशी, म्हणजे अँकरपाशी, पोहोचला की मनाला विसावा मिळतो आणि नेमकी तेथेच चूक होण्याची शक्यता वाढते. येथे एक दोर सोडून दुसरा धरायचा असतो, उतरण्याचे उपकरण जोडायचे असते, सोबत्यासाठी जागा करून द्यायची असते. या सर्व काळात माणसाला खडकाशी बांधून ठेवणारा दुवा म्हणजे लॅनयार्ड. त्याचे एक टोक हार्नेसला पक्के असते. दुसऱ्या टोकाला कुलूपबंद होणारी धातूची कडी, म्हणजे कॅराबिनर, असते आणि ती अँकरमध्ये अडकवली जाते.

ठरावीक लांबीच्या लॅनयार्डची अडचण अशी की अँकर कधी छातीच्या उंचीवर असतो, कधी डोक्याच्या वर, तर कधी बाजूला. पायांखालची जागाही प्रत्येक ठिकाणी वेगळी असते. दोर लांब पडला तर ढिला राहतो; आखूड पडला तर माणूस खडकाला चिकटून लटकतो आणि हाताला काम करण्यास मोकळीक उरत नाही. यावरचा उपाय म्हणजे लांबी कमी-अधिक करता येणारा लॅनयार्ड. पेटझल कंपनीच्या ‘कनेक्ट अ‍ॅडजस्ट’ या प्रचलित लॅनयार्डची लांबी १५ ते ९५ सेंटिमीटरपर्यंत बदलता येते. मोकळे टोक ओढले की दोर आखूड होतो. भार थोडा हलका करून उपकरण कलते केले की तो पुन्हा लांबवता येतो.

ढिलाईचे गणित

लांबी बदलण्याची ही सोय केवळ आरामासाठी नाही. तिचे खरे मोल ढिलाई टाळण्यात आहे, आणि ते समजण्यासाठी थोडे गणित मांडावे लागेल.

८० किलो वजनाचा माणूस एक मीटर लांबीच्या लॅनयार्डने बांधलेला आहे आणि अँकरच्याच पातळीवर उभा आहे, असे समजा. पाय घसरला तर दोर ताणला जाईपर्यंत तो एक मीटर खाली जाईल. दोर जर फारसा न ताणणारा असेल आणि त्याने माणसाला १० सेंटिमीटरच्या अंतरात थांबवले, तर त्या क्षणी दोरावर सरासरी सुमारे ८८० किलोंचा भार येतो. तोच दोर लवचीक असेल आणि थांबण्यास ३० सेंटिमीटर मिळाले, तर हा भार सुमारे ३५० किलोंवर येतो. क्षणभर येणारा सर्वाधिक झटका या सरासरीहून बराच मोठा असतो. माणूस अँकरच्या एक मीटर वर चढलेला असेल तर पडण्याचे अंतर दुप्पट होते आणि झटकाही त्या मानाने वाढतो.

गिर्यारोहणात पडण्याचे अंतर भागिले दोराची लांबी या गुणोत्तराला ‘फॉल फॅक्टर’ म्हणतात. त्यामुळे केवळ एक-दोन मीटरचे पडणेही आखूड दोरावर अतिशय कठोर ठरू शकते. लांब दोर स्वतः ताणून झटका शोषतो. आखूड दोराकडे ताणण्यासाठी लांबीच नसते.

लॅनयार्ड ताठ असेल तर मात्र पडण्यास अंतरच उरत नाही. पाय सुटला तरी माणूस जागच्या जागी बसतो. म्हणून पहिला नियम असा की अँकरला जोडलेला माणूस सदैव अँकरच्या खालच्या पातळीवर असावा आणि लॅनयार्डमध्ये ढील नसावी.

पट्टी की दोर?

पूर्वी या कामासाठी शिवलेल्या नायलॉनच्या किंवा डायनीमाच्या पट्ट्या सर्रास वापरल्या जात आणि आजही वापरल्या जातात. अशा पट्टीवर २२ किलोन्यूटन, म्हणजे सव्वादोन हजार किलोंच्या आसपास, इतकी ताकद छापलेली असते. हा आकडा संथपणे वाढणाऱ्या भारासाठी असतो. डायनीमा वजनाला हलका आणि अत्यंत बळकट असला तरी जवळजवळ ताणला जात नाही. त्यात गाठ मारली तर त्याची ताकदही बरीच घटते. ब्रिटनमधील डीएमएम कंपनीने पट्ट्यांवर वजन पाडून घेतलेल्या चाचण्यांत गाठ मारलेल्या काही डायनीमा पट्ट्या तुटल्याचे दिसून आले.

‘डेझी चेन’ नावाच्या, लहान लहान कप्पे शिवलेल्या पट्टीचा धोका आणखी वेगळा आहे. पट्टी आखूड करण्यासाठी एकच कॅराबिनर दोन शेजारच्या कप्प्यांत अडकवला आणि मधली शिवण उसवली, तर कॅराबिनर पट्टीतून पूर्णपणे निसटू शकतो. लांबी बदलता येणारा, लवचीक गिर्यारोहण-दोराचा लॅनयार्ड या तुलनेत अधिक क्षमाशील आहे. तरीही तो पडणे झेलण्यासाठी नसून माणसाला जागी धरून ठेवण्यासाठी आहे, हे विसरता कामा नये.

किल्ल्यांच्या हस्तांतराचा नियम

बँकेत तिजोरीच्या किल्ल्यांचा ताबा बदलताना येणारा अधिकारी मोजदाद करून स्वाक्षरी करेपर्यंत जाणारा अधिकारी जबाबदारीतून मुक्त होत नाही. कड्यावरही हाच नियम लागू आहे. नवा आधार जोडून, तपासून, त्यावर प्रत्यक्ष भार देऊन पाहिल्याखेरीज जुना आधार सोडायचा नाही.

रॅपलिंगला निघताना त्याचा क्रम असा असतो. प्रथम लॅनयार्ड अँकरला अडकवून कॅराबिनरचे कुलूप फिरवावे आणि दोर ताठ करावा. मग मुख्य दोर अँकरमधून ओवावा आणि त्याच्या खालच्या टोकांना गाठी माराव्यात, म्हणजे उतरणारा टोकापलीकडे घसरणार नाही. उतरण्याचे उपकरण वेगळ्या आखूड पट्टीने हार्नेसपासून थोडे वर जोडावे. त्याच्या खाली बारीक दोरीची घर्षणगाठ मुख्य दोरावर बांधून ती हार्नेसला जोडावी. हात सुटला तरी ती आवळते आणि उतरणे थांबते. ऑस्ट्रियाचे कार्ल प्रुसिक यांनी १९३१ साली मांडलेली प्रुसिक गाठ याच कुळातली.

यानंतर लॅनयार्ड हळूहळू लांबवून शरीराचा भार उपकरणावर घ्यावा. या वेळी लॅनयार्ड अडकवलेलाच असतो. उपकरण, घर्षणगाठ आणि कॅराबिनरची कुलपे सोबत्यानेही पाहावीत आणि सर्व ठीक असेल तरच लॅनयार्ड सोडावा. ठरावीक लांबीच्या पट्टीवर लटकलेल्या माणसाला हा भार बदलताना स्वतःला वर उचलून धरावे लागते. लांबी बदलता येत असेल तर हे काम धडपडीविना होते.

एका दिग्गजाचा मृत्यू

साधनाच्या निगेबाबत अमेरिकेतील एक घटना जगभरच्या गिर्यारोहकांना ठाऊक आहे. टॉड स्किनर हे नामवंत प्रस्तरारोहक होते. १९८८ साली पॉल पियाना यांच्यासह त्यांनी योसेमिटीतील सलाथे वॉल ही विख्यात भिंत चढण्यासाठी दोराचा आधार न घेता प्रथमच सर केली होती. २३ ऑक्टोबर २००६ रोजी योसेमिटीतीलच लीनिंग टॉवरवरून रॅपलिंग करत असताना त्यांच्या हार्नेसचा पुढचा फासा, म्हणजे बिले लूप, तुटला आणि ते कोसळले. वय अवघे ४७ वर्षे होते. फासा झिजल्याचे त्यांच्या सोबत्याने आधीच लक्षात आणून दिले होते आणि नवा हार्नेस मागवलेलाही होता.

बिले लूपला पट्टी कायम गुंडाळून ठेवली की फासा फिरत नाही आणि झीज एकाच जागी साचत जाते, याकडे या अपघातानंतर विशेष लक्ष वेधले गेले. लॅनयार्ड उत्पादकाने सांगितलेल्या जागीच जोडावा, काम संपल्यावर काढून ठेवावा आणि प्रत्येक वेळी वापरण्यापूर्वी बोटांनी चाचपून पाहावा. धागे पिसारलेले, दोर कडक झालेला, रंग उन्हाने उडालेला किंवा बॅटरीच्या आम्लाचा संशय असेल, तर तो बाद करावा. वापर झाला नसला तरी अशा वस्तूंच्या आयुष्याला उत्पादक सर्वसाधारणपणे १० वर्षांची कमाल मर्यादा घालतात. सह्याद्रीतील पावसात जुन्या बोल्टांना गंज चढतो, तेव्हा एकाच बोल्टवर विसंबणेही योग्य नव्हे.

घरच्यांनी काय विचारावे?

महाराष्ट्र शासनाने २०२१ साली साहसी पर्यटनाचे धोरण आणले असून त्यात आयोजकांच्या नोंदणीची तरतूद आहे. मुलाला किंवा मुलीला पाठवण्यापूर्वी आयोजकांकडे नोंदणीची चौकशी करावी आणि आणखी काही साधे प्रश्न विचारावेत. कड्याच्या काठावर रांगेत उभ्या असलेल्या प्रत्येकाला लॅनयार्डने बांधले जाते का? नवख्या माणसाला उतरताना वरून दुसऱ्या स्वतंत्र दोराचा आधार दिला जातो का? अँकर किमान दोन बिंदूंवर असतो का? साधने कधी घेतली याची नोंद ठेवली जाते का? निघण्यापूर्वी दुसरा प्रशिक्षक तपासणी करतो का?

जाणकार आयोजक अशा प्रश्नांनी दुखावत नाही. उलट आनंदाने साधने दाखवतो. जो हसून विषय टाळतो, त्याच्याकडे नाव नोंदवण्याची घाई करू नये. आणि हे सारे प्रत्यक्ष हाताने शिकायचे असते. वाचनाने जाण येते, पण सराव जमिनीलगत, अनुभवी प्रशिक्षकाच्या देखरेखीखालीच व्हावा.

साहसाची हौस तरुणपणी असावीच. तिला शिस्तीची जोड मिळाली की घरच्यांची काळजीही निम्मी होते. कड्यावर जाणाऱ्या मुलांना निरोप देताना “जपून जा” एवढेच म्हणण्याऐवजी “आधी बांध, तपास, मग सोड” असे सांगितले, तर ते अधिक कामी येईल.