बार्ड कोणाच्या कामाचा?

(सर, तुम्हीसुद्धा वाचा, पुढे गणित आहे!)

हॉस्टेलमध्ये रॅग्नारॉक खेळणाऱ्या कोणालाही विचारा, पार्टीत कोण कोण पाहिजे? उत्तर ठरलेलं. पुढे उभा राहून मार खाणारा नाइट, जखमा भरणारा प्रीस्ट आणि मागून जाळपोळ करणारे विझर्ड. बार्डचं नाव निघालं की, "तो काय करते बे? गाणे म्हणते!" मी तोच खेळते, म्हणून हा लेख.

२००२ साली कोरियात सुरू झालेल्या या गेममध्ये बार्ड हा मूळचा तिरंदाज. वाद्य हातात घेतलं तर गातो, धनुष्य घेतलं तर बाण मारतो. (बार्ड फक्त पुरुष पात्राला होता येतं, मुलींसाठी डान्सर! मला बार्डचीच गाणी हवी होती, म्हणून अकाउंट काढताना सरळ 'मेल' निवडलं. आता पार्टीत सगळे मला भाऊ म्हणतात. असो.)

त्याचं सगळ्यात महत्त्वाचं गाणं ब्रागीचं. त्याच्या घेऱ्यात उभ्या असलेल्या विझर्डचा मंत्र लवकर पूर्ण होतो आणि दोन मंत्रांमधली सक्तीची विश्रांतीही कमी होते. समजा, एका मंत्राला एकूण ४ सेकंद लागत होते, ते ३ वर आले. म्हणजे मिनिटाला १५ ऐवजी २० मंत्र. पार्टीत ४ विझर्ड असतील तर २० मंत्र जास्तीचे मिळाले. बार्डच्या जागी पाचवा विझर्ड घेतला असता तर मिळाले असते फक्त १५. पण विझर्ड दोनच असतील तर? गाण्याचे १० आणि नव्या विझर्डचे १५. तिथे माझं गाणं तोट्याचं. अशा वेळी वाद्य ठेवायचं आणि धनुष्य उचलायचं. वाद्य हातातून गेलं की गाणं थांबतं, म्हणून दोन्ही हत्यारं शेजारशेजारच्या बटणांवर ठेवा.

गंमत म्हणजे शेवटी स्क्रीनवर राक्षस मारल्याचं श्रेय विझर्डच्या नावावर दिसतं. ते २० मंत्र कुठून आले हे कुठेच लिहून येत नाही. पार्टी मेली की मात्र पहिला प्रश्न, "बार्ड कुठं होता?"

मी वडसाची. दिवाळीनंतर आमच्याकडे झाडीपट्टीची नाटकं रात्र रात्र चालतात. (याच रंगभूमीसाठी परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली.) कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे मला अर्धे संवाद कळायचे नाहीत, मग मी ऑर्गनवाल्याकडे बघत बसायची. नट अडखळला की तो सूर धरून ठेवतो, रडण्याचा प्रसंग आला की हळू होतो, नाच आला की उधळतो. त्याची नजर बोटांवर नसतेच, स्टेजवर असते. बार्डचंही तसंच. स्वतःच्या बटणांकडे नाही, पार्टीकडे बघायचं. एचपी कमी पडतोय? इदुनच्या सफरचंदाचं गाणं. राक्षसांनी घेरलं? मग विनोद!

हो, खरंच. बार्ड एक थंड जोक मारतो आणि स्क्रीनवरचे राक्षस गोठू शकतात. आपली माणसंही गोठू शकतात, शक्यता कमी असली तरी. म्हणून प्रीस्ट मंत्र म्हणत असताना जोक मारू नये. (आमच्या मेसमध्ये हा स्किल बऱ्याच जणांना आहे.)

आता नेटचं. रात्री दहानंतर हॉस्टेलचा पिंग ३०० मिलिसेकंदांच्या वर जातो. म्हणजे बटण दाबल्यापासून त्याचा परिणाम स्क्रीनवर दिसेपर्यंत जवळजवळ एक तृतीयांश सेकंद गेलेला असतो. कोणी पडताना दिसला की तो सर्व्हरवर आधीच पडलेला असतो. त्यामुळे इथून खेळताना मदत नंतर नाही, आधी द्यायची: राक्षस यायच्या आधी गाणं सुरू, जोकसुद्धा घेराव पूर्ण व्हायच्या आधी.

आणि विझर्ड लोकांना एक विनंती. गाताना बार्ड फार हळू चालतो. घेरा माझ्याभोवती असतो, त्यामुळे तुम्ही पुढे पळालात तर गाणं मागेच राहतं. थोडं थांबत जा ना बे!