अबकारीवाला पोलीस होता का?

ब्रिटिश काळातल्या दारूच्या धाडींच्या गोष्टींत कस्टमवाला, अबकारीवाला आणि पोलीस हे तिघे सर्रास एकच मानले जातात. या घोटाळ्याला कारणही आहे. मुंबई इलाख्यात कस्टम, मीठ, अफू आणि अबकारी ही चारही खाती एकाच कमिशनरच्या हाताखाली होती. साहेब एक असला तरी कायदे मात्र निरनिराळे होते. बंदरात उतरणाऱ्या मालाला 1878चा सागरी कस्टम कायदा लागू व्हायचा, तर ताडी-माडी आणि मोहाच्या दारूला त्याच साली आलेला मुंबईचा अबकारी कायदा. म्हणून झडती कोण घेतोय, यावर पकडलेल्या माणसाचं पुढचं बरंच काही ठरायचं.

रात्री-अपरात्री कुणाच्याही घरात शिरायची या अंमलदारांना मोकळीक होती, हा दुसरा समज. तो अर्धाच खरा आहे. मोकळीक कुठे होती आणि कुठे नव्हती, ही विभागणी मद्रासच्या 1886च्या अबकारी कायद्यात स्वच्छ दिसते. परवान्याची भट्टी किंवा दुकान तपासायला दिवस-रात्र केव्हाही जाता येई. रस्त्यावर किंवा उघड्या जागी गुन्हा करताना सापडलेल्याला वॉरंटशिवाय धरता येई. राहत्या घराला मात्र वॉरंट हवं. त्यातही पळवाट होतीच. वॉरंट येईतो माल गायब होईल असं वाटलं, तर तसं कारण आधी नोंदवून अधिकारी आत शिरू शकत असे. असं कारण लिहायला कितीसा वेळ लागतो?

झडतीची पद्धत 1898च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ठरलेली होती. त्या भागातले निदान दोन प्रतिष्ठित रहिवासी समोर हवेत, जप्त वस्तूंची यादी करून तिच्यावर त्यांच्या सह्या हव्यात, घरमालकाला हजर राहू द्यायला हवं आणि मागितल्यास यादीची नक्कलही द्यायला हवी. बाईची अंगझडती घ्यायची तर ती बाईनंच. आजचा पंचनामा याच वळणाचा आहे. मात्र एखाद्या पाड्यावर ‘प्रतिष्ठित’ कोण, हे ठरवणारा झडती घेणाराच असे.

हे सगळं दारू सोडवण्यासाठी चाललं होतं, असंही कुणी म्हणतं. पण माड-ताड छेदायला परवाना आणि झाडामागे कर बसवणाऱ्या सरकारची नजर महसुलावर होती. ठाणे-कुलाब्यासाठी 1892 साली खास मोहफुलांचा कायदा झाला आणि दारू गाळण्याआधीच, नुसती फुलं बाळगण्यावरही निर्बंध आले. वारली, कातकरी, ठाकर यांच्या घरात मोहफुलं खाण्यासाठीही असत. पण घरातली टोपली पोटासाठी की भट्टीसाठी, हे फुलांकडे पाहून कसं कळणार? संशयाला जागा कायद्यानंच करून दिली होती.

आता मूळ प्रश्न. अबकारी कायद्याच्या 1912च्या दुरुस्तीनं मुंबईच्या ठरावीक दर्जाच्या अबकारी अधिकाऱ्यांना तपासाच्या कामात पोलीस ठाण्याच्या प्रमुखाइतके अधिकार मिळाले. सरकारनं हात बळकट केले खरे, पण त्याची किंमत कोर्टात मोजावी लागली. 1872च्या पुरावा कायद्याच्या 25व्या कलमानुसार पोलिसासमोर दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध चालत नसे. अबकारी अधिकारी काही पोलीस नव्हे, असा युक्तिवाद मुंबई हायकोर्टाच्या पूर्णपीठापुढे आला, तेव्हा 1926 साली कोर्टानं तो फेटाळला. पोलिसाचे अधिकार वापरणारा माणूस या कलमापुरता पोलीसच; गणवेश कुठल्या खात्याचा, याला महत्त्व नाही. पाटणा हायकोर्टाचं मत नेमकं उलट होतं. त्यामुळे तोच कबुलीजबाब मुंबईत बाद, तर बिहारमध्ये ग्राह्य, अशी गंमत काही वर्षं चालली.

स्वातंत्र्यानंतर हा वाद सुप्रीम कोर्टात गेला. बरकत राम खटल्यात कोर्टानं कस्टम अधिकाऱ्याला पोलीस मानलं नाही. त्याचं मुख्य काम सरकारी शुल्क बुडू न देण्याचं आहे, असं कारण दिलं. थोड्याच वर्षांत राजाराम जयस्वाल खटल्यात बिहारचा उत्पादन शुल्क (म्हणजे अबकारी) निरीक्षक मात्र पोलीस ठरला, कारण तपासाचे अधिकार त्याच्याकडे होते. मुंबईत एका कमिशनरच्या हाताखाली काम केलेली दोन खाती अशी कायद्यानं वेगळी झाली. अमली पदार्थांच्या कायद्याखालचे तपास अधिकारी पोलीस ठरतात, हा 2020चा तोफान सिंग खटल्यातला बहुमताचा निकाल त्याच वादातला पुढचा.