म्हसवडच्या बायकांची बँक आणि पाटणचा बाजार

रस्त्याकडेला पाल ठोकून राहणारी, लोखंड तापवून शेतीची अवजारं घडवणारी एक बाई सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडमध्ये बँकेच्या दारात गेली. तिला कर्ज नको होतं. रोजच्या कमाईतले थोडे पैसे बाजूला टाकायचे होते, म्हणजे पावसाळ्याआधी पालावर टाकायला प्लास्टिकचा कागद घेता आला असता. एवढ्या किरकोळ रकमेचं खातं परवडत नाही, म्हणून तिला परत पाठवलं गेलं. गरिबाला पैसे साठवता येत नाहीत, असं म्हणायची आपल्याला सवय आहे. इथे गरीब बाई साठवायला तयार होती, पण ते पैसे ठेवून घ्यायला कुणी तयार नव्हतं.

ही गोष्ट 1990 च्या दशकातली. ती चेतना गाला सिन्हा यांच्या कानावर आली आणि त्यातून माणदेशी महिला सहकारी बँकेचा विचार निघाला. चेतनाताई मुंबईत वाढल्या आणि जयप्रकाश नारायणांच्या चळवळीत घडल्या. म्हसवडचे शेतकरी कार्यकर्ते विजय सिन्हा यांच्याशी लग्न करून त्या माणदेशात आल्या. माणदेश म्हणजे सातारा, सांगली आणि सोलापूर या जिल्ह्यांच्या कडा जिथे एकमेकींना भिडतात तो माणगंगेच्या काठचा कोरडा मुलूख. मेंढपाळांचा, घोंगड्यांचा आणि पाऊस पडला तर पिकणाऱ्या बाजरीचा. पाऊस चुकला की माणसं ऊसतोडीला, मुंबईला नाहीतर कुठल्यातरी बांधकामावर जातात.

बँक काढायची तर रिझर्व्ह बँकेचा परवाना हवा. अर्ज गेला आणि फेटाळला गेला. संस्थापक सभासदांत बऱ्याच जणींनी सहीच्या जागी अंगठा उठवला होता. लिहिता-वाचता न येणाऱ्या बायका बँक कशी चालवणार, हा प्रश्न होता. चेतनाताई हिरमुसून परतल्या, पण बायकांनी हार मानली नाही. त्यांनी अक्षरांचा वर्ग लावला. काही महिन्यांनी त्यांच्यातल्या काही जणी चेतनाताईंबरोबर मुंबईला रिझर्व्ह बँकेत गेल्या. आम्हाला अजून नीट वाचता येत नाही हे खरं, पण हिशेब येतो, असं त्यांनी अधिकाऱ्यांना सांगितलं. कुठल्याही रकमेचं व्याज विचारा, आम्ही तोंडी सांगतो, तुमच्या माणसांनीही यंत्राशिवाय करून दाखवावं.

यात फुशारकी नव्हती, कारण बाजारात बसणाऱ्या बाईचा हिशेब असाच चालतो. समजा 8,500 रुपये शेकडा दीड रुपयानं सात महिने घेतले. ती आधी शंभराच्या गड्ड्या मोजते, 85. पंच्याऐंशीचे दीडपट म्हणजे महिन्याला शंभरावर साडेसत्तावीस, 127 रुपये 50 पैसे. सात महिन्यांचे 892 रुपये 50 पैसे. टक्का हा शब्द तिच्या तोंडी येत नाही. "शेकडा किती?" एवढंच ती विचारते, आणि व्याजाचा अर्थ तिला पुरता ठाऊक असतो, कारण तिनं ते आयुष्यभर भरलेलं असतं.

1997 साली परवाना मिळाला. 1,300 हून अधिक बायकांनी आपल्या जमापुंजीतून सुमारे 7 लाख रुपयांचं भांडवल उभं केलं. ग्रामीण बायकांनी बायकांसाठी काढलेली आणि रिझर्व्ह बँकेचा परवाना असलेली ही देशातली पहिली सहकारी बँक.

सावकारी संपलेली नाही

सातारा जिल्ह्याला सावकारीचा इतिहास नवा नाही. 1875 साली पुण्या-नगरकडच्या शेतकऱ्यांनी सावकारांच्या वाड्यांवर चालून जाऊन कर्जरोखे जाळले. सरकार हादरलं आणि चौकशी बसली. 1879 साली दख्खनच्या शेतकऱ्यांना कर्जातून दिलासा देणारा कायदा झाला. पुणे, नगर, सोलापूर आणि सातारा या चार जिल्ह्यांसाठी तो होता. पुढे सहकारी पतसंस्था आल्या, जिल्हा बँका आल्या, राष्ट्रीयीकृत बँकांच्या शाखा तालुक्याला पोचल्या. शेतकऱ्याला सातबारावर पीककर्ज मिळू लागलं. पण बाजारात पाटी घेऊन बसणाऱ्या बाईच्या नावावर सातबारा नसतो. तिच्यासाठी सावकार तसाच राहिला, फक्त त्याचा वाडा गेला आणि तो मोटारसायकलवर आला.

आठवडी बाजारात हा धंदा कसा चालतो ते आकड्यांत बघू. भाजीवाली सकाळी 900 रुपये उचलते आणि संध्याकाळी 1,000 फेडते. शंभरच तर गेले, असं तिला वाटतं. आठवड्याला एकच बाजार धरला तरी वर्षाच्या 52 बाजारांत 5,200 रुपये नुसत्या व्याजात जातात, आणि पुढच्या बाजाराला तिला पुन्हा 900 रुपयांसाठी हात पसरावाच लागतो. तेच 900 रुपये शेकडा दोननं वर्षभर मिळाले, तर व्याज होतं 216 रुपये. या दोन आकड्यांमधला फरक म्हणजे पोरीची वर्षाची वह्या-पुस्तकं, किंवा एखादी शेळी. बाई आळशी नाही, तिचा धंदाही तोट्यात नाही. नफा निघतो, पण तो तिच्या ओटीत राहत नाही.

माणदेशी बँकेचं काम या फरकावर उभं आहे. बँक बाजारात गेली, कारण बाजार सोडून बँकेत येणं म्हणजे बाईचा दिवस बुडणं. पासबुक घरात राहिलं की किती पैसे साठलेत ते नवऱ्याला कळतं आणि पैसे मागितले जातात, ही अडचणही बायकांनीच सांगितली. मग पैसे कुणाच्या नजरेस न पडता जपण्याच्या सोयी बँकेला शोधाव्या लागल्या. ही अक्कल कुठल्या अहवालातून आलेली नाही. मालकीण आणि गिऱ्हाईक एकच असली की काउंटरवर काय चुकतंय ते लगेच कळतं.

श्रद्धा आणि कर्ज

गरिबाला धंद्यासाठी पैसा देणं हे धर्मकार्य आहे, ही समजूत जगात फार जुनी. आपल्याकडे तर ती संतचरित्रातच आहे. तुकोबांच्या घरी महाजनकी होती. दुष्काळानं माणसं देशोधडीला लागलेली पाहून तुकोबांनी आपल्या वाट्याची कर्जखतं इंद्रायणीत बुडवली, असं परंपरा सांगते. इटलीत पेरुजा इथे 1462 साली फ्रान्सिस्कन संन्याशांच्या पुढाकारानं गरिबांसाठी तारणावर स्वस्त कर्ज देणारी पेढी निघाली. जर्मनीत फ्रीडरिश राइफायझेन या श्रद्धाळू ख्रिस्ती ग्रामप्रमुखानं 1864 साली शेतकऱ्यांची कर्जसंस्था उभारली. तिचं तत्त्व साधं होतं. संस्था एका गावापुरती ठेवायची, म्हणजे सगळे एकमेकांना ओळखतात. मद्रास सरकारचे अधिकारी फ्रेडरिक निकल्सन यांनी या पद्धतीचा अभ्यास करून अहवाल लिहिला आणि 1904 चा सहकारी पतसंस्था कायदा त्याच वाटेनं आला. आपल्या गावच्या सोसायटीचं मूळ शोधत गेलं तर ते त्या जर्मन खेड्यापर्यंत पोचतं.

महाराष्ट्रात याचं ठळक उदाहरण वसईचं. 1918 साली तिथले धर्मगुरू पी. जे. मोनीस यांनी सावकारांच्या विळख्यातल्या शेतकऱ्यांसाठी पतसंस्था काढली. आजची बॅसीन कॅथॉलिक बँक ती हीच. केरळात त्रिशूरला ख्रिस्ती सेवाभावातून 1992 साली निघालेली इसाफ ही संस्था पुढे स्मॉल फायनान्स बँक झाली. व्याज निषिद्ध मानणाऱ्या मुसलमान समाजातही बिनव्याजी पतसंस्था चालतात.

या सगळ्यांत देव वेगळा आणि प्रार्थना वेगळी आहे. पण कर्ज देणारा आणि घेणारा यांचा उंबरा एकच आहे, हे सगळ्यांत समान. धर्मगुरूला कुणाच्या घरी चूल पेटली नाही ते माहीत असतं. कर्ज बुडवणाऱ्याला रविवारी त्याच माणसांसमोर उभं राहायचं असतं. तारण म्हणून जमीन नसली तरी ओळख असते.

माणदेशी बँक धार्मिक नाही. तिच्यात सगळ्या जातीधर्मांच्या बायका आहेत. पण ज्या बळावर वसईची पतसंस्था चालली त्याच बळावर ही बँक चालते. ओळख, शब्द आणि आधी विश्वास ठेवण्याची तयारी. गरिबाच्या सचोटीवरचा हा विश्वास मला श्रद्धेइतकाच मोठा वाटतो, कारण पुरावा हाती येण्याआधी तो ठेवावा लागतो.

नुसता पैसा पुरत नाही

कर्ज मिळालं म्हणजे धंदा जमला असं नाही. शिलाई मशीन घेतलं, पण मापं काढता येत नाहीत. शेळ्या घेतल्या, पण रोग ओळखता येत नाही. माल खपला, पण घरात खाल्लेलं आणि विकलेलं वेगळं मांडलेलं नाही, म्हणून नफा कळत नाही. म्हणून 2006 साली माणदेशीनं बायकांसाठी उद्योगशाळा काढली. ज्यांना म्हसवडला येता येत नाही त्यांच्यासाठी शाळाच बसमध्ये बसवून गावोगाव नेली. शिवणकाम, संगणक, जमाखर्च, शेळ्यांचं कृत्रिम रेतन असं जे ज्या गावाला हवं ते शिकवायचं. 2008 साली माणदेशी तरंग वाहिनी हे सामुदायिक रेडिओ केंद्र सुरू झालं. वाचता न येणाऱ्या बाईपर्यंत बाजारभाव आणि सरकारी योजना पोचवायला रेडिओ छापील पत्रकापेक्षा कामाचा.

2012-13 च्या दुष्काळात या संस्थेची खरी परीक्षा झाली. जनावरांना चारा मिळेना, म्हणून बायका बँकेत दागिने गहाण ठेवायला येऊ लागल्या. कर्ज देता आलं असतं, पण पैसे खाऊन गाय जगत नाही. चारा-पाणीच नसताना कर्ज काय कामाचं, हा बायकांचाच सवाल होता. माणदेशीनं म्हसवडला चारा छावणी उघडली आणि ती महिनोन् महिने चालवली. पाणी आणि चारा यांची सोय नसेल तर कर्जानं गरिबी हटत नाही, ती फक्त पुढच्या तारखेवर जाते.

दुसरं टोक आंध्र प्रदेशात दिसलं. झपाट्यानं वाढणाऱ्या मायक्रोफायनान्स कंपन्यांनी एकेका बाईला तीन-तीन, चार-चार ठिकाणची कर्जं दिली आणि वसुलीसाठी तिच्याबरोबर कर्ज घेतलेल्या बायकांच्या गटाला तिच्या दारात बसवलं. आत्महत्यांच्या बातम्या आल्या. 2010 साली तिथल्या सरकारनं वटहुकूम काढला आणि पुढे रिझर्व्ह बँकेनं मालेगाम समितीच्या शिफारशींनंतर या व्यवसायाला नियम घातले. छोटं कर्ज म्हणजे आपोआप पुण्य नव्हे. गटाची ओळख आधाराला वापरता येते, तशीच गळा आवळायलाही. फरक मालकीचा आहे. आंध्रात नफा दूरच्या गुंतवणूकदारांकडे गेला. सहकारी बँकेत सभासद मालकीण असते, तिला सभेत उठून बोलता येतं.

पाटणला काय हवं

म्हसवड सातारा जिल्ह्याच्या पूर्व टोकाला आणि पाटण पश्चिमेला. तिकडे पाऊस नाही, इकडे कोयनेच्या खोऱ्यात तो धो धो पडतो. तरी गरिबीचा हिशेब सारखाच आहे. डोंगरकपारीत भात आणि नाचणीची तुकड्यातुकड्यांची शेती, आणि कर्ता गडी मुंबईला. माथाडी कामगारांचे नेते अण्णासाहेब पाटील याच पाटण तालुक्यातल्या मंद्रुळकोळ्याचे. 1969 च्या माथाडी कायद्यानं या माणसांच्या पाठीवरच्या ओझ्याला मोल मिळवून दिलं. अण्णासाहेबांच्या नावाचं आर्थिक मागास विकास महामंडळ आज मराठा तरुणांच्या उद्योगकर्जावरचं व्याज परत करतं. हे चांगलंच आहे. पण त्यासाठी आधी बँकेनं कर्ज मंजूर करावं लागतं, आणि पाटीवालीचं घोडं तिथेच अडतं. तिला लाखांत नाही, हजारांत पैसे हवेत, आणि ते बाजाराच्या आदल्या दिवशी हवेत.

बचतगट इथेही आहेत. महिला आर्थिक विकास महामंडळानं आणि उमेद अभियानानं ते गावोगाव पोचवले. संक्रांतीला इथल्याच चाफळच्या राममंदिरात वाणवसा घ्यायला आसपासच्या गावांतून बायकांची रीघ लागते. एकमेकींवर विश्वास ठेवून एकत्र येण्याची सवय या मातीत आहे, ती नव्यानं शिकवायची नाही. तिला बँकेची जोड द्यायची आहे.

म्हणून पाटणच्या पतसंस्थांना, बँकांना आणि देवस्थानांच्या विश्वस्तांना माझी विनंती आहे. पाटण आणि ढेबेवाडीच्या आठवडी बाजारात बाजाराच्या दिवशी एक टेबल मांडा. दहा-वीस रुपये जमा करणाऱ्या बाईचे पैसे नाही न म्हणता घ्या. सहा महिने तिनं नेमानं भरले की ती नोंद हेच तारण माना आणि तिला सावकाराच्या 900 रुपयांऐवजी तुमचे 900 द्या. महिन्यातून एक दिवस तिथेच जमाखर्चाचा वर्ग घ्या. देवस्थानांनी सभामंडप दिला तरी जागेचा प्रश्न सुटेल. म्हसवडच्या बायकांनी हे सुमारे 7 लाख रुपयांत सुरू केलं होतं. पाटण तालुक्यात एवढे पैसे नक्की आहेत.